वर्क परमिट नाकारलं गेल्यावरचे ९० दिवस आणि त्यांचा खर्च

शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५. आमच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारा मुलगा संध्याकाळी जिना चढून वर आला. हातात फोन, फोनवर आयआरसीसीचं, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचं पत्र. मुलगा मूळ नाशिकचा. इथल्या कॉलेजात शिकला आणि ब्रॅम्प्टनमधल्या एका गॅरेजात ट्रक मेकॅनिक म्हणून तीन वर्षं राबला. "काकू, रिफ्यूज झालं. उद्या सकाळी सहाची शिफ्ट आहे. जाऊ का?"

मी म्हटलं, नाही. उद्या नाही, परवा नाही, नवं परमिट हातात येईपर्यंत नाही.

त्याला ते फार कठोर वाटलं. त्याच्या जुन्या परमिटाची मुदत ३० जूनला संपली होती आणि नव्यासाठी त्याने दहा दिवस आधी अर्ज केला होता. मुदतीच्या आत अर्ज केला की निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर काम करता येतं. याला 'मेंटेन्ड स्टेटस' म्हणतात. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत तो रीतसर काम करत होता, पण ती सवलत निर्णय होईपर्यंतचीच. नकार आला की त्याच दिवशी कामाचा हक्क आणि स्टेटस दोन्ही जातात. पुढे उरतात ९० दिवस. तेवढ्या दिवसांत स्टेटस परत मागण्याची सोय कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांतल्या कलम १८२ मध्ये आहे. सगळे त्याला 'रिस्टोरेशन' म्हणतात.

मी अकाउंट्सचं काम करते, वकील नाही. पण गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच मुलांचे हे कागद माझ्या डायनिंग टेबलावर पसरले गेले आहेत, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न "फी किती?" हाच असतो. फीचा आकडा पुढे देतेच. पण या सगळ्या खर्चात फी सगळ्यात लहान आहे. मोठा खर्च आहे पगाराविना जाणाऱ्या महिन्यांचा, आणि तो किती वाढेल हे पहिल्या दोन आठवड्यांत तुम्ही काय करता त्यावर ठरतं.

दिवस कुठून मोजायचे

नकारपत्रावरची तारीख घ्या. आमच्या मुलाचे ९० दिवस ८ जानेवारी २०२६ ला भरतात. हे सोपं प्रकरण झालं. दोन प्रकार मात्र फसवे आहेत आणि त्यांत चांगली शिकलेली माणसंही अडकतात.

पहिला प्रकार: अर्ज नाकारला जात नाही, तर अपुरा म्हणून परत येतो. सही राहिली, फी कमी भरली किंवा एखादा फॉर्म जुना लावला, एवढंही पुरतं. परत आलेला अर्ज केलाच नव्हता असं धरतात. म्हणजे मेंटेन्ड स्टेटसही कधी मिळालं नव्हतं, आणि ९० दिवस मोजायचे ते परमिट संपलं त्या दिवसापासून. परमिट जूनमध्ये संपलं आणि अर्ज सप्टेंबरच्या शेवटी परत आला, तर हातात दोन-चार दिवस उरतात, कधी तेही नाहीत. मधल्या काळात केलेल्या कामाचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. असं पत्र आलं तर त्याच दिवशी वकील गाठा.

दुसरा प्रकार: पहिला अर्ज पडून आहे, परमिट संपलंय, म्हणून कुणी सावधगिरी म्हणून दुसरा अर्ज टाकतो. पहिला नाकारला गेला तर आपल्याला दुसऱ्याचा आधार आहे असं त्याला वाटतं. तसं नसतं. मुदत संपल्यानंतर टाकलेला दुसरा अर्ज मेंटेन्ड स्टेटस पुढे नेत नाही. पहिल्याचा नकार आला की स्टेटस संपतं आणि रिस्टोरेशनच मागावं लागतं.

आणि ज्यांच्या परमिटाची मुदत अजून बाकी असतानाच नकार आलाय, त्यांनी घाबरू नये. त्यांचं स्टेटस परमिटावरच्या तारखेपर्यंत शाबूत असतं, काम चालू राहतं आणि नवा अर्ज साध्या फीत करता येतो.

आमच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक घड्याळ चालू होतं. त्याचा अर्ज एलएमआयएवर आधारलेला होता. या जागेसाठी स्थानिक माणूस मिळत नाही, असं मालकाने सरकारकडून घेतलेलं ते मान्यतापत्र. मे २०२४ पासून ते सहा महिनेच चालतं. त्याच्या मालकाला ते मे महिन्यात मिळालं होतं, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याला मुदत. कॅलेंडरवर ८ जानेवारी लिहिली असली तरी त्याची खरी शेवटची तारीख नोव्हेंबरमध्येच होती. एलएमआयए संपली असती तर मालकाला पुन्हा अर्ज, पुन्हा १००० डॉलर आणि पुन्हा वाट. ९० दिवस ही सरकारने दिलेली कमाल मर्यादा आहे. तुमच्या कागदांपैकी जो सगळ्यात आधी संपतो, तीच तुमची मुदत.

फी

खालचे आकडे कॅनेडियन डॉलरमधले आणि १ डिसेंबर २०२४ ते नोव्हेंबर २०२५ या काळातल्या दरांचे आहेत. हे दर वाढत राहतात, म्हणून पैसे भरायच्या दिवशी आयआरसीसीच्या संकेतस्थळावरच्या फी-यादीत आकडा पाहूनच भरा. रुपयांचा अंदाज यावा म्हणून डॉलरमागे ६५ रुपये धरले आहेत.

नुसतं स्टेटस परत मिळवण्याची फी २३९.७५ डॉलर. पण कामगार म्हणून परत यायचं तर सोबत नवं वर्क परमिटही मागावं लागतं. त्याचे १५५. एकूण ३९४.७५ डॉलर, म्हणजे साधारण २५,७०० रुपये. परमिट 'ओपन' प्रकारातलं असेल, म्हणजे शिक्षणानंतरचं पीजीडब्ल्यूपी किंवा जोडीदाराचं, तर ओपन परमिटचे आणखी १०० लागतात. बेरीज ४९४.७५, साधारण ३२,२०० रुपये. विद्यार्थी म्हणून परत यायचं असेल तर स्टडी परमिटच्या १५० सह ३८९.७५. व्हिजिटर म्हणून राहायचं असेल तर फक्त २३९.७५.

बोटांचे ठसे आणि फोटो, म्हणजे बायोमेट्रिक्स, ८५ डॉलर. पण ते दहा वर्षं चालतात. भारतातून स्टडी परमिटसाठी आलेल्या बहुतेकांनी ते आधीच दिलेले असतात, त्यामुळे ते पुन्हा भरण्याची गरज नसते. वैद्यकीय तपासणी सगळ्यांना लागत नाही. लागली तर ती आयआरसीसीच्या यादीतल्या डॉक्टरकडेच करावी लागते. दर प्रत्येक दवाखान्याचा वेगळा असतो, तेव्हा दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा.

सगळ्यात घातक चूक फीतच होते. पहिल्या अर्जाच्या वेळी १५५ भरले होते म्हणून याही वेळी १५५ भरतात आणि रिस्टोरेशनचे २३९.७५ राहून जातात. असा अर्ज परत येऊ शकतो, आणि तोवर ९० दिवस उलटलेले असतात. ऑनलाइन अर्जात सुरुवातीला प्रश्न येतात. तिथे 'माझं स्टेटस संपलं आहे आणि मला ते परत हवं आहे' या अर्थाचा पर्याय निवडला की फी बरोबर दिसते. शेवटच्या पानावर दोन्ही रकमा वेगवेगळ्या दिसल्याशिवाय कार्ड पुढे करू नका.

कुटुंब असेल तर प्रत्येकाचा अर्ज आणि फी वेगळी. नवरा कामगार, बायको ओपन परमिटवर, मूल व्हिजिटर, आणि तिघांचंही स्टेटस गेलेलं असेल तर ३९४.७५, ४९४.७५ आणि २३९.७५ मिळून ११२९.२५ डॉलर. जवळपास ७३,४०० रुपये. पण आधी तिघांचे कागद नीट पाहा. बायकोच्या परमिटाला मुदत असेल तर तिचं स्टेटस गेलेलं नाही आणि तिची फी वाचते. उलट, २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराच्या ओपन परमिटचे नियम कडक झाले आहेत. नवऱ्याचं काम कोणत्या वर्गात मोडतं हे न पाहता ४९४.७५ भरले तर परमिट येईलच असं नाही.

पगाराचा खड्डा

रिस्टोरेशनचा अर्ज केल्यावर निर्णय येईपर्यंत कॅनडात थांबता येतं, पण काम करता येत नाही. मेंटेन्ड स्टेटससारखा हक्क इथे नाही. 'अर्ज टाकलाय ना, मग चालतं' असं सांगणारे मॅनेजर, रूममेट आणि दुर्दैवाने काही कन्सल्टंटही भेटतात. चालत नाही. निकाल यायला आठवडे नाहीत, बहुधा महिने लागतात.

आता हिशेब. ऑन्टारिओत १ ऑक्टोबर २०२५ पासून किमान वेतन तासाला १७.६० डॉलर आहे. आठवड्याचे ४० तास धरले तर ७०४, आणि तेरा आठवड्यांचे ९१५२ डॉलर. किमान वेतनावरच्या माणसाची ही तीन महिन्यांची बुडालेली कमाई. आमच्या मुलाला तासाला ३६ मिळत होते, त्याचे तेरा आठवड्यांचे १८,७२० होतात. फीच्या ३९४.७५ पुढे हे आकडे ठेवले की फीत काटकसर करण्यात अर्थ नाही हे कळतं. घरभाडं, गाडीचा विमा, फोन, किराणा हे काही थांबत नाही. तात्पुरत्या कामगाराचा सोशल इन्शुरन्स नंबर ९ ने सुरू होणारा असतो, त्याची मुदतही परमिटाला बांधलेली. प्रांताचं आरोग्य कार्ड चालू आहे का ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. नसेल तर खासगी विमा घ्या. इथल्या इस्पितळाची एक रात्रदेखील विम्याशिवाय परवडणारी नाही.

मग रोखीने काम करण्याचा मोह होतो. तो मी समजू शकते. गावाकडे कर्जाचे हप्ते चालू असतात, आईवडिलांना काही सांगितलेलं नसतं. तरी मी प्रत्येकाला हात जोडून सांगते, करू नका. रिस्टोरेशन मिळण्यासाठी बाकीच्या अटी पाळलेल्या असाव्या लागतात. परवानगीशिवाय केलेलं काम उघड झालं तर हा अर्ज तर जातोच, पुढच्या प्रत्येक अर्जात 'तुम्ही कधी परवानगीशिवाय काम केलं आहे का' हा प्रश्न समोर येतो. खोटं उत्तर दिलं तर पाच वर्षांची बंदी येऊ शकते. आणि असा अनुभव पीआरच्या, म्हणजे कायम रहिवासाच्या, कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासमध्ये धरतही नाहीत. महिन्याला दोन हजार रोख मिळवण्यासाठी पाच वर्षांची मेहनत पणाला लावू नका.

अर्जात काय असावं

आधी नकार का आला ते शोधा. अलीकडे वर्क परमिटच्या बऱ्याच नकारपत्रांसोबत अधिकाऱ्याच्या नोंदी येतात. त्या नसतील तर माहिती अधिकाराखाली तुमच्या फाइलच्या नोंदी मागवता येतात. फी ५ डॉलर, कायद्याने मुदत ३० दिवस. पहिल्याच दिवशी मागवा, पण त्या येईपर्यंत अर्ज अडवून ठेवू नका.

आमच्या मुलाच्या पत्रात एकच कारण होतं: हे काम करण्याची पात्रता सिद्ध होत नाही. ऑन्टारिओत ट्रक दुरुस्ती हा सक्तीच्या प्रमाणपत्राचा धंदा आहे. ३१०टी चं सर्टिफिकेट लागतं. त्याच्याकडे ते होतं, पाकिटात होतं. ज्या एजंटाने त्याचा अर्ज भरला त्याने मोबदला पूर्ण घेतला आणि सर्टिफिकेटची प्रत जोडलीच नाही. एका कागदामुळे हे सगळं घडलं. मी त्याला एवढंच विचारलं, पाठवण्याआधी तू अर्ज वाचला होतास का? नव्हता वाचला. आपला अर्ज दुसऱ्याने भरला तरी खाली सही आपली असते. पाठवण्याआधी संपूर्ण अर्जाची प्रत मागा आणि रात्रभर बसून वाचा.

नव्या अर्जासोबत एक पत्र हवं. दीड पान पुरे. परमिट कधी संपलं, अर्ज कधी केला, नकार कधी आला, शेवटचा कामाचा दिवस कोणता, नकाराचं कारण काय आणि ते आता कशाने दूर झालं, एवढं तारखांसह साध्या भाषेत लिहा. गयावया नको, अधिकाऱ्यावर आरोपही नकोत. कामाचा शेवटचा दिवस सांगणारं मालकाचं पत्र आणि शेवटची पे-स्टब जोडा. नकारानंतर काम थांबवल्याचा याहून चांगला पुरावा नाही. पगाराशिवाय राहण्याइतके पैसे असल्याचं बँक स्टेटमेंट जोडा. पासपोर्टची मुदत पाहा, कारण परमिट पासपोर्टच्या पुढे देत नाहीत. नूतनीकरण लागणार असेल तर भारतीय पासपोर्टचे अर्ज घेणाऱ्या बीएलएसकडचा अर्ज त्याच आठवड्यात करा.

पीजीडब्ल्यूपी नाकारलं गेलेल्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. अर्ज शिक्षण पूर्ण झाल्यापासून १८० दिवसांच्या आत आहे का, आणि भाषेच्या परीक्षेचा निकाल जोडला होता का. १ नोव्हेंबर २०२४ पासून विद्यापीठाच्या पदवीधरांना भाषेची सीएलबी ७ ही पातळी आणि कॉलेजवाल्यांना सीएलबी ५ लागते. माझ्या टेबलावर आलेले निम्मे पीजीडब्ल्यूपी नकार या एका कागदामुळे होते.

वकील, कन्सल्टंट आणि कोर्ट

ज्याचं प्रकरण एका राहून गेलेल्या कागदाचं आहे त्याला अर्ज स्वतः करता येतो. तरी एकदा सल्ल्याचे पैसे जरूर मोजा. आमच्या मुलाने तासाभराच्या बैठकीचे २०० डॉलर आणि १३ टक्के विक्रीकर (एचएसटी) मिळून २२६ दिले. पूर्ण केस घेणारे हजार-दीड हजारापासून तीन हजारांपर्यंत सांगतात. तो खर्च करायचाच तर लेखी करार, टप्प्यांप्रमाणे पैसे आणि पावती घ्या. पैसे घेऊन असा सल्ला देण्याचा हक्क परवानाधारकांनाच आहे: वकील, क्वेबेकचे नोटरी, ऑन्टारिओत परवानाधारक पॅरालीगल, आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या नोंदणीतले आरसीआयसी. नोंदवही ऑनलाइन आहे, नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. कन्सल्टंटचं नाव तिथे नसेल तर माणूस मराठी असो, देवळात भेटलेला असो किंवा मामाच्या ओळखीचा असो, एक डॉलरही देऊ नका.

एलएमआयए 'विकत' देतो म्हणणारे या काळात गिधाडांसारखे भोवती फिरतात. एलएमआयएची १००० डॉलर फी मालकाने भरायची असते आणि कामगाराकडून ती वसूल करणं बेकायदा आहे. हजारो डॉलर मोजून घेतलेल्या अशा नोकरीचा अर्ज पुढे टिकत नाही आणि पैसेही परत येत नाहीत.

अधिकाऱ्याने जोडलेला कागद पाहिलाच नाही, अशी उघड चूक असेल तर पुनर्विचाराची विनंती करता येते. तिला फी नाही, पण ९० दिवस तिच्यासाठी थांबत नाहीत. फेडरल कोर्टात जायचं तर कॅनडातल्या निर्णयासाठी मुदत नकार कळल्यापासून फक्त १५ दिवस. कोर्टाची फी ५० डॉलर, वकिलाची त्याच्या कितीतरी पट. जिंकलात तरी कोर्ट परमिट देत नाही, फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवतं. म्हणून हे दोन्ही मार्ग घ्यायचे तर रिस्टोरेशनच्या जोडीला घ्या, त्याऐवजी नको.

व्हिजिटर व्हायचं की परत जायचं

नोकरी गेली, एलएमआयए नाही, शिकायचं नाही, अशा वेळी अनेक जण व्हिजिटर म्हणून स्टेटस परत मागतात. घर आवरायला, मुलाची शाळेची टर्म संपवायला ते ठीक. पण पुढे इथूनच वर्क परमिट मिळवू, हा हिशेब आता बहुतेकांसाठी जुळत नाही. व्हिजिटरना कॅनडातून वर्क परमिट मागू देणारी कोविडकाळातली सवलत २८ ऑगस्ट २०२४ ला बंद झाली. सीमेवर जाऊन फिरून येत परमिट घेण्याची फ्लॅगपोलिंगची वाटही २३ डिसेंबर २०२४ पासून मिटली.

नोकरीची ऑफर पक्की आहे पण कागद ९० दिवसांत जमणार नाहीत, अशांनी भारतातून अर्ज करण्याचा विचार जरूर करावा. तिथून रिस्टोरेशन फी लागत नाही. वर्क परमिटचे १५५ आणि विमानाचं तिकीट एवढाच खर्च. मुख्य म्हणजे तिकडे काम करून कमावता येतं. रिस्टोरेशन पडून असताना मात्र देश सोडू नका, सोडला तर तो अर्ज संपला. आणि ९० दिवस उलटून गेल्यावर नुसतं राहू नका. मुदतीनंतर राहिल्याबद्दल एक्स्क्लूजन ऑर्डर निघाली की एक वर्ष परवानगीशिवाय परत येता येत नाही, आणि त्या परवानगीची फीच नोव्हेंबर २०२५ पर्यंत ४७९.७५ डॉलर होती. परत जाणं ही बेअब्रू नाही.

आमच्या मुलाने सर्टिफिकेटची प्रत, मालकाची नवी पत्रं आणि दीड पानाचं निवेदन जोडून ४ नोव्हेंबरला अर्ज पाठवला. खर्च: सरकारी फी ३९४.७५, सल्ला २२६, फाइलच्या नोंदी ५, एकूण ६२५.७५ डॉलर. हे लिहीपर्यंत सात आठवड्यांचा पगार बुडालाय, १०,०८० डॉलर. मी त्याचं भाडं निम्मं केलंय. फी भरल्याची पावती हातात आहे, परमिट अजून आलेलं नाही, आणि १० ऑक्टोबरनंतर त्याने एकही शिफ्ट केलेली नाही.